कामावरचा वाद आणि छातीतली जळजळ

कान्हे स्टेशनवर उतरून पायी वीस मिनिटांच्या वाटेवरील एका वाडीत राहणारे गृहस्थ मध्यंतरी दवाखान्यात आले होते. वय ४२. तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर काम. तक्रार एकच. छातीत जळजळते आणि घशाशी आंबट येते. चार महिने मेडिकलच्या दुकानातून पित्ताच्या गोळ्या आणून खात होते. रक्तदाब पाहिला तर १५० वर ९६. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिला, फारसा उतरला नव्हता.

जेवणखाण विचारले. तिखट-तेलकट बेताचेच होते. चहा मात्र दिवसाला सहा-सात कप, आणि पूर्वी दोन दिवस पुरणारी तंबाखूची पुडी आता एका दिवसात संपत होती. ‘जळजळ साधारण किती वाजता सुरू होते?’ असे विचारल्यावर जरा आठवून म्हणाले, ‘दुपारी दोनच्या सुमाराला. कामावर निघायची वेळ झाली की.’ आणि सुट्टीच्या दिवशी? ‘सुट्टीला नाही होत, डॉक्टर.’

पोटाला सुट्टीचा वार कळत नाही. तेव्हा कामावर काय चालले आहे, हे विचारणे भाग पडले.

हकिगत अगदी साधी निघाली. त्यांची दुसरी पाळी, दुपारी तीनला सुरू होणारी. त्याच लेथवर पहिल्या पाळीला शेजारच्याच गावचा एक जण असतो. तो जाताना मशीन पुसत नाही, लोखंडाचा कीस तसाच टाकून जातो आणि सेटिंग कुठे ठेवले आहे तेही सांगत नाही. त्यामुळे यांची पहिली वीस-पंचवीस मिनिटे साफसफाईत जातात, पाळीअखेर नग कमी भरतात आणि सुपरवायझर सर्वांसमोर यांनाच बोलतो. हे चार महिने चालले होते. चार महिन्यांत त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली, लोकलमधल्या सोबत्यांना सांगितली, चहाच्या टपरीवर सांगितली आणि शेवटी मला सांगितली. सांगितली नव्हती ती फक्त त्या पहिल्या पाळीच्या माणसाला.

‘बोलून काय उपयोग? उद्या गावच्या जत्रेत समोरासमोर यायचं. पाव्हण्यारावळ्यात गाठ पडते. बोललो तर कायमची बोलाचाली बंद.’

लहान गावातल्या नोकरीची ही अडचण शहरातल्या माणसाला चटकन समजणार नाही. मुंबईत कामावर भांडण झाले तर संध्याकाळी दोघे दोन लोकल पकडून दोन दिशांना जातात. आपल्या मावळात कारखान्यातला सोबती लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो, सोसायटीच्या निवडणुकीत समोर उभा राहतो आणि त्याची बहीण आपल्या भावकीत दिलेली असते. पाळीवरचा वाद थेट घराच्या ओट्यापर्यंत येतो. म्हणून माणसे गिळतात. गिळलेले पचत नाही.

शरीरात काय होते?

राग आला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी ॲड्रिनलीन नावाचा स्राव रक्तात सोडतात. हृदय जोराने धावते, रक्तदाब चढतो, यकृतातली साखर रक्तात उतरते, स्नायू ताठरतात आणि पचनाचे काम तेवढ्यापुरते मागे पडते. वाघ समोर आला तर पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तमच. पण लेथवरचा कीस पाहून ना पळता येते ना झुंजता येते. तयारी झाली, लढाई नाही, अशी अवस्था. भांडण तिथेच संपले तर वीस-तीस मिनिटांत शरीर पूर्वपदावर येते. मात्र माणूस तोच प्रसंग मनात घोळवीत राहिला, ‘मी तेव्हा असं बोलायला हवं होतं’ असे रात्री अंथरुणात उजळणी करीत राहिला, तर मनातल्या भांडणालाही शरीर खऱ्या भांडणासारखेच उत्तर देते. कॉर्टिसोल नावाचा दुसरा स्राव चढता राहतो, झोप उडते, आणि झोप उडालेला माणूस दुसऱ्या दिवशी आणखी लवकर चिडतो. रात्रपाळी करणाऱ्यांना हा अनुभव मुद्दाम सांगायला नको.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘टेन्शनमुळे अल्सर होतो’ असे आपण सर्रास म्हणतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील वॉरन आणि मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ च्या सुमारास दाखवून दिले, की जठरातल्या बहुतेक व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. २००५ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. म्हणजे सुपरवायझर बोलला म्हणून पोटात व्रण पडत नाही. पण वादाच्या दिवसांत चहा वाढतो, तंबाखू वाढते, जेवणाच्या वेळा टळतात, मान-पाठ आखडली म्हणून गोळी घेतली जाते, आणि जळजळ असेल ती दुप्पट जाणवते. वाद थेट जठरात शिरत नाही, तो डबा, पुडी आणि गोळी यांच्या वाटेने शिरतो.

मग काय, मनात येईल ते तोंडावर फाडफाड बोलून मोकळे व्हावे? पुष्कळांना तसे वाटते. राग ओकून टाकला की मन हलके होते, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ती तपासून पाहिली. चिडवलेल्या माणसांना वाळूच्या पोत्यासारख्या पिशवीवर ठोसे मारायला दिले, तर त्यांचा राग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. काहीही न करता दोन मिनिटे गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत राहिले. हृदयविकाराच्या बाबतीत तर धोका अधिक स्पष्ट आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून सांगितले, की संतापाच्या उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका एरवीच्या जवळजवळ पाचपट असतो. निरोगी माणसाच्या बाबतीत मूळ धोकाच अतिशय कमी असल्याने पाचपट होऊनही तो कमीच राहतो. पण ज्याला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, तंबाखूचे व्यसन आहे, आणि ज्याला दिवसातून दोनदा असा पारा चढतो, त्याने हा आकडा मनावर घ्यावा.

थोडक्यात, गिळणेही बरे नाही आणि ओकणेही बरे नाही. मतभेद मात्र असणारच. एका लेथवर दोघे, एका टेबलावर तिघे, एका शाळेत आठ शिक्षक, एका पतपेढीत पाच कारकून असले की दोन मते होणारच, आणि त्यात वाईटही काही नाही.

सुट्टीसुद्धा वादातूनच मिळाली

आमच्या या गृहस्थांना सुट्टीच्या दिवशी जळजळ होत नसे, हे वर आलेच आहे. ती हक्काची सुट्टी कशी आली, हे नव्या पिढीतल्या अनेक कामगारांना ठाऊक नसते. नारायण मेघाजी लोखंडे स्वतः मुंबईच्या गिरणीत भांडारपाल म्हणून काम केलेले गृहस्थ. पुढे ‘दीनबंधु’ पत्र त्यांनी चालविले. त्या काळी गिरणीत ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले.

त्या निवेदनातल्या मागण्या पाहण्यासारख्या आहेत. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, आणि कायमचा अपंग झाल्यास पोटापाण्याची सोय. पाचांपैकी तीन मागण्या सरळसरळ आरोग्याच्या आहेत. आणि पाचही अशा, की मान्य झाल्या की नाही हे घड्याळ, कॅलेंडर किंवा हजेरीपट पाहून कोणालाही सांगता यावे. ‘आम्हाला नीट वागवा’ अशी मागणी त्यांत नाही. नीट म्हणजे काय, यावर शंभर वर्षे वाद घालता येतो. अर्ध्या तासावर घालता येत नाही.

लगेच काही मिळाले नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तिच्यात दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत वारले.

आपला लेथवरचा वाद त्या मानाने फारच लहान, पण मागणी मांडण्याची रीत तीच कामाला येते. ‘तू नेहमीच असं करतोस’, ‘तुम्हा पहिल्या पाळीवाल्यांना अक्कलच नाही’, ही वाक्ये माणसावर जातात. माणसावर गेलेले वाक्य ऐकले की समोरच्याच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही कामाला लागतात, आणि मग ऐकून घेणारे कोणी उरत नाही. त्याऐवजी, ‘काल आणि परवा मशीनवर कीस तसाच होता. माझी पंचवीस मिनिटं त्यात गेली आणि चाळीस नग कमी भरले. काय करता येईल?’ असे म्हटले तर बोलणे किसावर राहते. शेवटचा प्रश्न खरोखरच प्रश्न म्हणून विचारावा, टोमणा म्हणून नव्हे. आवाजातला फरक समोरच्याला बरोबर कळतो.

वेळ तर सर्वांत महत्त्वाची. पाळी बदलताना, एकाला घरी जायची घाई आणि दुसऱ्याला मशीन चालू करायची घाई, अशा वेळी बोलू नये. रात्रपाळी संपताना तर मुळीच नको. न झोपलेला मेंदू साध्या शब्दातही अपमान शोधतो. राग आला त्या क्षणी नळावर जाऊन तोंड धुवावे, चार पावले चालावे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावावा. अर्ध्या तासाने शरीर निवते. पण ‘नंतर बोलू’ म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर नव्हे. दोन-तीन दिवसांच्या आत बोलावे, तेही चार माणसांत न बोलता एकट्यात. चहाच्या टपरीवर सांगितलेली तक्रार मूळ माणसापर्यंत पोचते तेव्हा तिला शेपटे फुटलेली असतात.

ग्रंथालयातील खिडकी

मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन विदुषी होत्या. १९२५ मध्ये त्यांनी व्यवस्थापकांपुढे मतभेदांवर एक व्याख्यान दिले, त्यातले एक उदाहरण अजूनही सांगितले जाते. ग्रंथालयाच्या लहानशा खोलीत त्या वाचत बसल्या होत्या. तिथल्या दुसऱ्या वाचकाला खिडकी उघडी हवी होती, यांना बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवी होती मोकळी हवा, ती मिळाली. यांना नको होता अंगावर येणारा उत्तरेचा वारा, तो आला नाही. खिडकी अर्धी उघडी ठेवली असती तर दोघेही कुरकुरत राहिले असते.

फॉलेटबाईंचे म्हणणे असे, की माणूस जे मागतो आणि त्याला ज्याची गरज असते, त्या दोन गोष्टी वेगळ्या असतात. मागण्या टकरावतात, गरजा पुष्कळदा टकरावत नाहीत. मात्र गरज विचारल्याशिवाय कळत नाही.

आमच्या गृहस्थांना मी इतकेच सुचविले, की सुट्टीच्या दिवशी त्या माणसाच्या गावी जावे आणि कीस का राहतो हे विचारावे. जायला ते तयार नव्हते. ‘मी का जाऊ? चूक त्याची.’ मी आग्रह धरला नाही, रक्तदाबाची गोळी सुरू केली, पित्ताची पंधरा दिवस दिली. तिसऱ्या आठवड्यात ते गेले. ‘पाव्हणं, कामाचं जरा बोलायचं होतं,’ अशी सुरुवात केली म्हणे.

कळले ते असे. कंपनीची बस तीन वाजून पाच मिनिटांनी सुटते. ती चुकली तर त्या माणसाला घरी पोचायला पावणेदोन तास लागतात, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे. तिला दुपारचे भरवणारे दुसरे कोणी नाही. तीनच्या ठोक्यापर्यंत नग मोजले जात असल्याने मशीन पुसायला वेळच उरत नव्हता. त्यालाही आपण चुकतो हे कळत होते. ‘तुम्ही कधी बोलला नाहीत, मला वाटलं तुम्हाला चालतंय,’ असे तो म्हणाला. हे वाक्य ऐकून आमचे गृहस्थ चार महिन्यांच्या गोळ्या आठवून कपाळाला हात लावून बसले असतील.

दोघे मिळून सुपरवायझरकडे गेले. मशीन पुसण्यासाठी पाळीअखेर पंधरा मिनिटे मिळावीत, ती नगांत धरू नयेत, असे मागितले. साहेबांनी दहा दिली. सेटिंग लिहून ठेवायला मशीनजवळ दोऱ्याने एक नोटवही अडकवली.

सगळेच वाद असे सुटत नाहीत, आणि काही वाद समजुतीने घेण्याचे नसतातच. यंत्राचे संरक्षक झाकण काढून काम करायला सांगणे, पगार थकविणे, जातीवरून बोलणे, स्त्री कामगाराशी लगट करणे, यांना मतभेद म्हणत नाहीत. तेथे ‘जाऊ द्या, सांभाळून घ्या’ असा सल्ला देणारा माणूस दुसऱ्याच्या जिवावर शांतता विकत घेत असतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि त्याहून लहान दुकान, हॉटेल किंवा शेतावर काम करणारीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते.

दोन शब्द वरच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी. लंडनमधील सरकारी नोकरांची १९६७ पासून वर्षानुवर्षे पाहणी झाली. सर्वांना कायम नोकरी, तरीही खालच्या श्रेणीतील शिपाई-निरोपे यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आढळले. तंबाखू, रक्तदाब वगैरे सारे हिशेबात घेऊनही पूर्ण फरक उलगडेना. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पाहणीत एक धागा हाती लागला, तो म्हणजे स्वतःच्या कामाबद्दल ज्याला काहीच ठरवता येत नाही, त्याचे हृदय जास्त धोक्यात असते. साहेबांचे हृदय नाजूक, ही समजूत तेव्हापासून डळमळली. पाळीवरच्या माणसाला एक नोटवही आणि दहा मिनिटे ठरवू देणे हेही एक प्रकारचे औषधच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मालक व कामगार यांच्या संयुक्त समितीची तरतूद होती, ती २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवली आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समितीही हवी. आपल्या कारखान्यात ती आहे का, आणि असल्यास शेवटची बैठक कधी झाली, हे कामगारांनी विचारायला हरकत नाही. आणि चार जणांसमोर झापणे तेवढे सोडावे. चूक केबिनमध्ये सांगितली तरी तितकीच कळते.

एक सूचना डॉक्टर म्हणून. छातीतले प्रत्येक दुखणे वादाचे किंवा पित्ताचे नसते. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटणे, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, दम लागणे, यांपैकी काही झाले तर सोडा-लिंबू पीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा कान्हे येथील सरकारी रुग्णालय जवळ असेल तर ताबडतोब तेथे जावे. कामावरच्या त्रासाने आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

आमचे गृहस्थ दोन महिन्यांनी पुन्हा आले. रक्तदाब १३४ वर ८६. गोळी बंद करा म्हणत होते, मी नाही केली. त्यांच्या वडिलांनाही रक्तदाब होता, तेव्हा सगळा दोष लेथवर टाकता येणार नाही. तंबाखूची पुडी पुन्हा दोन दिवसांवर आली आहे, सुटलेली नाही. जळजळ अधूनमधून होते, पण दुपारी दोनला नाही. त्या पहिल्या पाळीच्या माणसाशी बोलणे अजून बेताचेच आहे, नोटवहीत मात्र रोज एक ओळ असते. मध्ये एकदा सेटिंगच्या खाली ‘आईला बरे आहे’ असेही लिहिले होते, असे सांगत होते.